पहिला कप

"ती पोरगी बोलंल व्हय? दोन वर्सं सरांच्या शेजारी बसती, पर 'हो सर'च्या म्होरं तिची गाडी गेल्याली म्या न्हाई बघितली!"

बापू फोरमन चहाच्या टेबलापाशी कुणाला तरी सांगत होते. मी दाराआड प्रोजेक्टरची वायर सोडवत होते, ती तशीच हातात धरून थांबले... बापू खोटं काही बोलत नव्हते. शिंदे सरांना जाऊन पाच आठवडे झाले होते आणि कुपवाडमधल्या कारखान्याच्या ज्या हॉलमध्ये ते व्याख्यानं देत, तिथेच सगळे त्यांच्या शोकसभेसाठी जमले होते.

सर मूळचे कोरेगावचे. पुण्यात एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळून निवृत्त झाले आणि सांगलीत राहायला आले. महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी ते इथे नव्या तंत्रज्ञानावर बोलत. क्लाउड, सायबर सुरक्षा, एआय... ऐकायला लहान कारखान्यांचे मालक, फोरमन, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेले ऑपरेटर. नियम एकच : जो सगळ्यांत आधी 'कळलं नाही' म्हणेल, त्याला पहिला चहा. तो बहुतेक वेळा बापूंनाच मिळे. "आवं सर, आमी हाय म्हणून तुमचा चहा गरम संपतोय," असं वर म्हणायचे.

मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात कामाला, सरांच्या स्लाइड करायचे. प्रत्येक व्याख्यान ते आधी मला सांगून बघत. मी मान डोलावली की म्हणत, "ऋताला कळलं ना, मग सभेला कळेल." मी इंग्रजी शाळेतली. शब्द ओळखीचे असले की विषय कळल्यासारखं दाखवणं मला लहानपणापासून जमत होतं. एज कम्प्युटिंगच्या वेळीही मी "हो सर" म्हणाले.

त्या शनिवारी नेमकं काय कळलं नाही, तेही कुणाला सांगता येईना, बापूंनासुद्धा. पहिला कप टेबलावरच राहिला, त्यावर साय धरली. जिना उतरताना सरांनी विचारलं, "तुला तरी कळलं होतं ना?"

"हो सर."

"मग माझंच सांगणं कमी पडलं."

पुढचे तीन आठवडे ते कारखान्यांमधून फिरले, मशीनशेजारी उभे राहिले. मग एका मंगळवारी माझ्या टेबलाशी नवं व्याख्यान लिहिलेला एक कागद घेऊन आले आणि वाचू लागले. "हे बघ. मशीनचा आवाज बदलला तर बापू पुण्याला फोन करून विचारत बसतात का? कानानं ओळखतात, जागच्या जागी बंद करतात. तसंच हे. माहिती लांबच्या सर्व्हरवर पाठवून उत्तराची वाट बघायची नाही, मशीनच्या शेजारीच तपासायची." मला त्या क्षणी कळलं. आधीचं खरं सांगायची वेळही तीच होती. मी "हो सर" म्हणाले. हा होकार खरा होता, पण त्यांना दोन्ही सारखेच ऐकू आले असणार... शुक्रवारी सकाळी त्यांचं हृदय थांबलं. शनिवारची सभा झाली नाही.

परवाच्या त्या शोकसभेत बरेच जण बोलले. माझ्याकडे राहिलेला तो कागद मी पडद्यावर दाखवला आणि बापूंनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. वाचताना स्वतःच्या नावापाशी ते अडखळले. मग सवयीनं किटली उचलून त्यांनी पहिला कप भरला, टेबलावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. कुणीच हात पुढे करेना. कपावर हळूहळू साय धरू लागली.

मी उठून टेबलापाशी गेले.

"बापू, हा कप माझा आहे. त्या शनिवारी मला काहीच कळलं नव्हतं."