फाटकावर झटकलेला पदर

सरकीच्या ढेपेचा वास आला की मला पांढुर्ण्याचा तो बगीचा आठवतो. ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट असेल. कापसातून सरकी काढायच्या, बंद पडलेल्या जिनिंगच्या जागेवर तो नवाच झाला होता, आणि त्याच जिनिंगमध्ये आई कितीतरी वर्षं कापूस साफ करायला जायची. गुलाबांचे ताटवे, रंगीत कारंजं, लोकांची ही गर्दी; आई मात्र जमिनीकडेच पाहत फिरत होती. "मशीन इथं होती का व आमची? का तिकडं?" ती स्वतःलाच विचारायची नि पुन्हा गोंधळायची. तेवढ्यात मी एक गुलाब तोडून फ्रॉकच्या खिशात लपवला. निघताना आई फाटकाशी थांबली आणि चौकीदारासमोर तिनं पदर झटकून दाखवला. तो गडबडला. "बाई, हे काय करून राहिल्या तुम्ही?" आई ओशाळली. "काही नाही भाऊ, सुटी झाली का असंच दाखवा लागे, कापूस नेत नाही म्हणून." मी खिशातलं फूल आणखी आत दाबलं. चोरी माझी, मग झडती हिनं का दिली, मला काही कळेना. ते फूल मी तिला कधी दाखवलंच नाही. आज माझ्या स्वतःच्या अंगणातला गुलाब तोडतानाही मी आधी फाटकाकडे बघते.