एजंटांची शाळा

आमच्या धंद्यात एक फ्लॅट विकायला वर्ष जातं, पण किस्सा संध्याकाळपर्यंत तयार होतो. घर बघायला येताना लोक आपला खरा चेहरा सोबत आणतात आणि तो आम्हाला रोज बघायला मिळतो. त्यामुळे दोन एजंट चहाला बसले की घरं बाजूला राहतात आणि माणसं सुरू होतात. पण माझ्याकडचा सगळ्यात चांगला साठा घरं दाखवताना जमलेला नाही. तो शाळेत जमला.

झालं असं की लायसन्स रिन्यू करायचं तर आधी रेराचं, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं, ट्रेनिंग करा, मग कॉम्प्युटरवर परीक्षा द्या, पास व्हा, मगच रिन्यूअल, असा नियम आला. पनवेलमधले सगळे एजंट हबकले. मी खांदा कॉलनीत रिसेलची आणि भाड्याची घरं बघते. माझ्याबरोबर दोघं होते. एक नफिसाआपा. त्यांचे यजमान कुवेतला, आणि मुलं मोठी झाल्यावर आपांनी स्वतःच्या हिमतीवर हा धंदा उभा केला. दुसरे जासईचे हिरामणकाका, जमिनीच्या व्यवहारांत केस पांढरे झालेले. आम्ही तिघांनी एकाच दिवशी फी भरली आणि ठरवलं, बसायचं एका बाकावर आणि सरांचं ऐकून घ्यायचं ते फक्त शिकवतील तेवढंच.

*

पहिल्या दिवशी हजेरी झाली. शिकवायला निखिल सर होते, वयाने माझ्या भाच्याएवढे, गळ्यात टाय. माझं नाव वाचून त्यांनी वर बघितलं आणि अगदी आदराने विचारलं, "मॅडम, लायसन्स मिस्टरांच्या नावावर असेल ना? मग परीक्षेला त्यांनाच बसावं लागेल."

हा प्रश्न मला नवा नव्हता. ऑफिसच्या बोर्डवर माझं नाव आहे, खुर्चीत मी बसलेली असते, तरी माणूस दारातूनच विचारतो, "साहेब आहेत का?" मी आजवर हसून वेळ मारून नेत आले. त्या दिवशी का कोण जाणे, हसू आलं नाही.

"लायसन्स माझ्या नावावर आहे," मी म्हटलं. "मिस्टर घरी आहेत. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायचं काम त्यांच्याकडे आहे."

वर्ग हसला. सरांनी माझ्या नावापुढे खूण केली आणि त्यानंतर कुठल्याही बाईला तो प्रश्न विचारला नाही.

घरी येऊन मिस्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चौथ्या शिट्टीला केला आज. डाळ जुनी आहे."

*

आमच्यापैकी बहुतेकांनी परीक्षेसाठी मराठी निवडली होती. निखिल सर मात्र शिकवायचे इंग्रजीत, पडद्यावरही इंग्रजीच. थोड्या वेळाने हिरामणकाकांनी चष्मा काढला, खिशातला रुमाल बाकावर पसरला आणि त्यावर डोकं ठेवलं. लपूनछपून नाही, पहिल्या रांगेत.

"काका, झोपलात का?" सरांनी विचारलं.

काकांनी डोकं उचललं. "तुमी इंग्लिशमदी शिकवा सर. आमी मराठीत झोपतो."

सर रागावले. या विषयातल्या कित्येक शब्दांना मराठीच नाही, असं म्हणाले. काका म्हणाले, "नसंल तं नसंल. पन फी आमी मराठीतच भरलेली हाय." मागच्या बाकांवरून टेबलं वाजायला लागली. शेवटी सरांनी मराठीत सुरुवात केली. आठवून आठवून, अडखळत. कार्पेट एरियाशी आले, थांबले आणि म्हणाले, "म्हणजे, गालिचा क्षेत्र."

नफिसाआपांनी हात वर केला. "सर, गालिचा मोठ्या लोकांकडे. आमच्या गिऱ्हाइकाला चटईच परवडते. चटई क्षेत्र म्हणा."

सरांनाही हसू आवरलं नाही. त्यानंतर वर्ग मराठीत चालला आणि काका जागे राहिले.

*

एका दुपारी सरांनी नाटक बसवलं. एकाने घरमालक व्हायचं, एकाने एजंट, आणि एजंटने मालकाशी कसं बोलावं ते सगळ्यांनी बघायचं. मालक झाले पाटणकर. बँकेतून रिटायर होऊन खारघरला धंद्यात पडलेले, एरवी सज्जन गृहस्थ. एजंट झाल्या नफिसाआपा.

आपांनी नमस्कार करून सुरुवात केली. भाडेकरू नवरा-बायको आणि एक मुलगी आहे, नोकरी पक्की आहे, असं सांगितलं. पाटणकर भूमिकेत रंगले होते. म्हणाले, "तुम्ही आणताय म्हणजे तुमच्यातलेच असणार. आमची सोसायटी तुमच्या लोकांना घर देत नाही हो."

आपलं काय बोलून गेलं ते पाटणकरांच्या बहुधा तेव्हाच लक्षात आलं. पण शब्द बाहेर पडले होते, आणि नाटकासाठी काही नवे शोधावे लागले नव्हते.

सर घाईने म्हणाले, "ठीक आहे, छान. पुढची जोडी येऊ दे."

"नाही सर," आपा म्हणाल्या. "माझं संपलं नाही." आवाज चढवला नाही त्यांनी. "पाटणकरसाहेब, हे मला लेखी द्या. मी भाडेकरूला दाखवीन."

"लेखी कसं देणार, आपा?"

"मग तोंडी कसं देता?"

आपा उभ्याच राहिल्या. मी बाकावर बसून स्वतःला विचारत होते, हे वाक्य मालकांकडून ऐकल्यावर मी आजवर काय केलं? दुसरं घर दाखवलं, एवढंच. शेवटी पाटणकर उठले, स्वतःची खुर्ची आपांपुढे सरकवली आणि म्हणाले, "बसा. पुन्हा करू."

दुसऱ्यांदा त्यांनी घर दिलं. आपांनी डिपॉझिटवरून त्यांच्याशी जी घासाघीस केली, ती बघून सर म्हणाले, हे अभ्यासक्रमात नाही.

*

वर्ग भरायचा तो हॉल एका बिल्डरचा होता. एक दिवस जेवणही त्याच्याकडून आलं. पुलाव, पनीर, गुलाबजाम. आम्ही ताटं वाढून घेतो न घेतो तोच त्याचा माणूस ब्रोशर वाटायला लागला. चिरनेरच्या बाजूला फार्महाऊसचे प्लॉट, विमानतळापासून दहा मिनिटं.

हिरामणकाकांनी ब्रोशर लांब धरून वाचलं. "दहा मिनटं? इमानातून उडी मारली तं."

मी रेराचा नोंदणी नंबर शोधत होते. कुठेच नव्हता. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची जाहिरात करायची नाही, विक्री तर नाहीच, हे सरांनी त्याच सकाळी शिकवलं होतं. मी विचारलं तर तो माणूस गोड हसला. "प्रोसेसमध्ये आहे मॅडम. तुम्ही बुकिंग सुरू करा, नंबर येईलच."

सगळ्यांनी निखिल सरांकडे बघितलं. हॉल फुकट मिळत होता, ते आम्हाला माहीत होतं. सर ताटाकडे बघत होते.

मी ताट खाली ठेवलं. ब्रोशरवाला म्हणाला, "अहो, जेवणाने काय केलंय?"

"जेवणाने काही नाही केलं," मी म्हटलं. "पण मीठ खाल्लं की मग तोंड उघडत नाही."

आपांनी ताट ठेवलं, काकांनी ठेवलं. काकांनी गुलाबजामकडे एकदा वळून बघितलं, हे खोटं सांगणार नाही. आमच्या मागोमाग जवळजवळ सगळा वर्ग जिना उतरला आणि खालच्या गाडीवर मिसळीला लायनीत उभा राहिला. आमचं खाणं होत आलं तेव्हा सर खाली आले. टाय काढलेला होता, हातात ते ब्रोशर.

"दुपारी खोट्या जाहिराती हा विषय आहे," ते गाडीवाल्याकडे वळत म्हणाले. "उदाहरण मिळत नव्हतं. एक मिसळ द्या, तिखट."

*

हे फुकट पचलं नाही. पुढच्याच आठवड्यात बिल्डरच्या ऑफिसातून मला फोन आला. आमच्या सगळ्या प्रोजेक्टांच्या एजंटांमधून तुमचं नाव काढलंय, असं एका मुलीने थंडपणे सांगितलं. त्यांचं नवीन पनवेलचं मोठं काम चालू होतं आणि माझी दोन गिऱ्हाइकं तिथे घर घ्यायच्या बेतात होती. ती गेली. ते दिवाळीचे दिवस आम्ही जरा जपूनच काढले.

फोनवर मात्र मी तिला एवढंच म्हटलं, "काढताना आडनाव नीट बघा. वर्गात माझ्याच नावाच्या अजून एक बाई आहेत. त्या बिचाऱ्या तिथे जेवल्या होत्या."

*

परीक्षा झाली. मी पास, आपा पास. हिरामणकाका परीक्षेला जातानाच त्यांच्या थोरल्या मुलाने, महेशने, सांगितलं होतं, "बाबा, या वयात कशाला? बोर्ड उतरवा आता. धंदा मी बघतो." काका तसेच परीक्षेला गेले.

निकालाच्या दिवशी आपा माझ्या ऑफिसात बसल्या होत्या. काका आले, इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. आम्ही दोघी उभ्याच राहिलो. आपांनी "माशाल्लाह" म्हणून पेढा उचलला, मी एक तोंडात टाकला.

"नापास," काका म्हणाले.

आपांचा हात तोंडाशी थांबला.

"खा. ताजं हायेत."

"काका, मग पेढे कसले?" मी विचारलं.

काका खुर्चीत टेकले. "चौथीत वार्षिक परीक्षा आली, आन् बापानं मना मिठागरावर नेला. पोरं पेपर लिवायची, मी मीठ वडायचो. कोन पास झाला, कोन नापास झाला, गावभर बोलायची. माजं नाव कशातच नाय. आज कॉम्प्युटरवर आला. नाव आन् खाली नापास."

तेवढ्यात महेश गाडी लावून आत आला. पुडा बघितला, आमचे चेहरे बघितले आणि त्याला कळलं. "बाबा, पेढे काय वाटता? लोकं हसतील."

काकांनी एक पेढा उचलून त्याच्या हातावर ठेवला. "हसतील त्यांना पन दे."

महेशने तो खाल्ला. पुन्हा फी भरायला त्यानेच नेलं, आणि मधल्या दिवसांत आपा दुपारी काकांना प्रश्न विचारायच्या, काका चुकले की पुन्हा विचारायच्या.

दुसऱ्या निकालाला आम्ही सगळे ऑफिसात जमलो. पाटणकर खारघरहून आले, निखिल सरांनी निकाल लगेच कळवा म्हणून फोन करून ठेवला होता. काका आले ते रोजच्या शर्टात, रिकाम्या हातांनी. बसले, पाणी प्यायले.

"पास," ते म्हणाले.

आम्ही टाळ्या वाजवल्या. आपा म्हणाल्या, "आणि पेढे?"

काकांनी त्यांच्याकडे नवलाने बघितलं.

"पेढं कशाला? पास तं सगलीच व्हतात."