पडद्यापलीकडचे साहेब

मोशीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक साहेब रोज दिसायचे. विमान कंपनीचा सोनेरी टॅग ते डब्याच्या पिशवीला लावायचे. "फर्स्ट क्लास मागून मिळत नसतो राव," ते सगळ्यांना शिकवायचे. "सारखं त्याच एअरलाइननं जायचं, ब्लेझर घालायचा, काउंटरवर हसायचं." त्यांना स्वतःला मात्र तो अजून मिळाला नव्हता.

कंपनीने मला जर्मनीला पाठवलं, तेव्हा तेही त्याच विमानात होते. घरातला पहिला पदवीधर मी, विमानात बसणाराही पहिलाच. पंखाचेसुद्धा फोटो काढत होतो, आणि लाज वाटत नव्हती. गेटवर साहेबांना अपग्रेड मिळालं. माझ्याकडे न बघता ते फर्स्ट क्लासच्या पडद्यापलीकडे गेले.

तासाभराने माझ्या सीटपाशी हजर. "भावा, एक फोटो काढ. बसच्या ग्रुपवर टाकायचाय."

"मग तिकडेच सेल्फी काढायचा ना, साहेब?"

"वेडा आहेस का? तिथले लोक म्हणतील, पहिल्यांदाच बसलाय."

मागचा पडदा नीट दिसावा म्हणून ते आणखी दोन पावलं आमच्याकडे सरकले. मी फोटो काढला. त्यात साहेब इकॉनॉमीत उभे आहेत आणि मागे पडदा बंद आहे.