मयताची गाडी

माझी बायको परभणीच्या दवाखान्यात वारली. तिला घरी आणलं ते आमच्याच गाडीत. अँब्युलन्सवाला जेवायला गेला होता आणि त्याचं जेवण व्हायची वाट बघायला मी रिकामा नव्हतो. मागच्या सीटवर निजवलं, डोकं पोराच्या मांडीवर. चालवली मी.

तेव्हापासून घरात त्या गाडीला मयताची गाडी म्हणायला लागले. नाव ठेवलं माझ्या धाकट्या भावाच्या बायकोनं. एवढी अक्कल आमच्यात तिलाच. तेराव्याला लोक बुंदी खात होते आणि ही माझ्या पोराच्या कानाला लागली होती, गाडी काढून टाक, दारात ठेवू नको. पोरगा इंजिनियरिंग शिकलेला. त्यानंही होय म्हणून मान हलवली.

मला गाडी ठेवायची होती. बायकोच्या साड्या पोरींनी वाटून घेतल्या, तिचा पलंग बाहेर काढला. पुढच्या सीटवर ती पाठीला घ्यायची ती उशी तेवढी राहिली. हे घरात बोलायची सोय नाही. म्हातारा भ्रमला म्हणतात.

पुढं थोड्याच दिवसांत गाडीत इंजिनची पिवळी लाईट लागली. काळा धूर सोडायली, पेट्रोल तर पाण्यासारखं प्यायली. भावजय अंगणात तांदूळ निवडत बसली होती.

"म्या म्हणलं नव्हतं का भाऊजी? आता ती गाडी कुणाचं ऐकायची न्हाई."

"गाडी हाय बाई, म्हैस न्हाई."

पोरगा म्हणाला, "बाबा, गिऱ्हाईक बघू का?"

"आधी दुरुस्त करू. न्हाई झाली तर वीक." बोलून गेलो.

परभणीच्या गॅरेजवाल्यानं बोनट उघडलंच नाही. आत मशीन लावलं, म्हणाला, "मामा, ऑक्सिजन सेन्सरचा फॉल्ट दाखवायलाय." बटण दाबलं, लाईट गेली. पैसे घेतले. घराकडं परतताना ताडकळसचा फाटा यायच्या आत लाईट पुन्हा लागली. ताप पाहायचा आणि थर्मामीटर पुसून पेशंटला घरी पाठवायचं, असली ही दुरुस्ती.

दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन गॅरेजवाल्याच्या डोक्यावर जाऊन उभा राहिलो.

"उघड बोनट. हात काळे झाले तर धुवायला पाणी मी ओततो."

नाईलाजानं वाकला. मग त्याला कंठ फुटला. सेन्सर सायलेन्सरच्या पाईपात बसलेला असतो, धूर तपासतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते इंजिनला कळवतो. वायर तुटली की इंजिन आंधळ्यावानी पेट्रोल ओढतं. बोलता बोलता त्यानं आतून एक लोंबतं गाठोडं वर ओढलं. बिबे, वाळल्या मिरच्या आणि लेकराची एक जुनी चप्पल, सगळं लोखंडी तारेत ओवलेलं. तार बांधली होती नेमकी सेन्सरच्या वायरला. त्या वजनानं वायर खाली ओढली जाऊन तापल्या पाईपाला चिकटली होती. जोडाचा प्लास्टिकचा कपलर वितळून त्याचा गोळा झाला होता.

"हे कुणी बांधलं मामा?"

मी पोराकडं पाहिलं. पोरगा मोबाईलात पाहायलाय.

"काकूनं. गाडीची बाधा जावी म्हणून. मी नुसतं बोनट उघडून दिलं."

"शिकून लय मोठा झालास. बोनट उघडता येतंय."

मेकॅनिक हसला. त्याला म्हणलं, तू हसू नको, तुला तर तेही येत नव्हतं.

जळका तुकडा कापून त्यानं नवा कपलर लावला. रंगाला रंग बघून वायरी जोडल्या, पिना पकडीनं दाबल्या, वरून नळी चढवली आणि वायर पाईपापासून लांब क्लिपनं अडकवली. चहा थंड व्हायच्या आत झालं. लाईट गेली ती गेलीच. घरी आलो. उतरताना पोरगा म्हणाला, "ठेवा मग."

पुढच्या अमावस्येला भावजय नवं गाठोडं घेऊन दारात उभी.

"आता वायर सोडून बांधते भाऊजी. जागा तेवढी दाखवा."

"माझ्या गळ्यात बांधा. गाडीला हात लावायचा न्हाई."

ती तिथंच उंबऱ्यात बसून रडायला लागली. म्हणाली, "जाऊबाईसारखं तुमालाबी काही झालं म्हंजी?" जावाजावांचं एका ताटात जेवण होतं, ते मला ठाऊक होतं. पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढं ठेवला. गाडीची चावी मात्र खिशातच राहू दिली.