हातावरचे तांदूळ

दिवाळीनंतरच्या आठवड्यात बाई डालग्यात एक कोंबडीचं पिल्लू घेऊन आमच्या मागच्या दारी आल्या. त्या आणि त्यांचे यजमान सात वर्षं आमच्या चिंचणीच्या वाडीत चिकू उतरवायला आणि झाडांभोवतीची आळी साफ करायला येत होते. त्यांचा पाडा हायवेच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथलं भात निघालं की दिवाळीनंतर दोघं वीटभट्टीवर जात, ते मे महिन्यात परतत.

"भाऊ, हा तुज्याकडं ठेव. भट्टीवर कुत्री लय हायेत."

त्यांच्या बोलीत सगळ्यांना तूच म्हणतात. मी त्यांना अहो-जाहो करतो, त्याचं त्यांना अजून हसू येतं.

"पाड्यावर सासूबाई आहेत ना?"

"म्हातारीला दिसत नाय. मुंगूस येल नि तिच्या पायाशीचा घेऊन जाल."

पिल्लू साधं नव्हतं, बोललेलं होतं. श्रावणात निंदणी चालू असताना त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीला बांधावर साप चावला. चार दिवस ती सरकारी दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात बसल्या बसल्या बाईंनी गावदेवाला शब्द दिला, की मुलगी उठली तर यापुढे घरच्या कोंबडीखाली जो पहिला नर निघेल तो तुझा. मुलगी उठली. गणपतीच्या सुमाराला कोंबडीनं पाच पिल्लं काढली. त्यांतली चार मुंगसानं नेली आणि उरला तो हा. विकत आणलेला चालत नाही, शेजाऱ्याचा चालत नाही. मे महिन्यात पेरणीच्या आधी पाड्यावर गावदेवाची पूजा होते, त्या दिवशी तो द्यायचा. तोवर मुलीच्या घोट्यात काळा दोरा राहणार. शब्द पुरा झाला नाही तर, बाई म्हणाल्या, देव दिलेलं परत मागतो. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं.

बायको आतून ऐकत होती. बाई गेल्यावर म्हणाली, "आपण खातो ते दुकानातून आणून. मरायला ठेवलेला जीव दारात सांभाळायचा, हे मला नाही जमायचं."

"सहाच महिने तर आहेत."

"तेच म्हणते मी. सहा महिने!"

तिचं म्हणणं मला कळत होतं. माझ्या लहानपणी वडील कोंबड्या पाळायचे. पण आमची कोंबडी आमच्या घरात कधी शिजली नाही. आई ती पदराखाली धरून शेजारच्या काकूंकडे द्यायची आणि त्यांच्याकडची तेवढ्याच वजनाची घेऊन यायची. वजन ती हातानेच करायची. दोन्ही घरांत रस्सा व्हायचा आणि कोणीही आपल्या ओळखीचा जीव खाल्लेला नसायचा. ही सोय मला तेव्हा शहाणपणाची वाटे. आजही ती वाईट म्हणवत नाही. पुढे कोंबड्या बंद झाल्या आणि मी दर रविवारी दुकानातून किलोभर आणू लागलो. लग्नाला बावीस वर्षं झाली. आठवड्याला एक किलो धरलं तर अकराशे किलोंच्या वर जातं, म्हणजे साडेआठशेच्या आसपास कोंबड्या. त्यांतल्या एकीचाही चेहरा मी पाहिलेला नाही. दुकानदार पाठ करून कापतो आणि मी त्या वेळी फोनमध्ये बघत असतो.

भट्टीवर निघण्याआधी बाईंचे यजमान पिल्लाला बघायला आले. त्यांनीच आम्हा दोघांना रीत सांगितली. देवापुढे कोंबड्याला थेट कापत नाहीत. आधी त्याच्यापुढे पानावर तांदूळ टाकायचे. त्यानं टिपले तर तो कबूल झाला. नाही टिपले तर हात लावायचा नाही.

मी थोडं चेष्टेत विचारलं, "तुम्ही पूर्वी सशाला जाळी लावायचात ना? त्यालाही विचारायचात का?"

तरुणपणी ते वडिलांबरोबर शिकारीला जात. आता बंदी आहे आणि जंगलही उरलेलं नाही, असं तेच सांगतात. ते हसले नाहीत.

"ससा पलतो, भाऊ. त्याला पाय हायेत, रान हाय. आमच्या हाती गावला तर आमचा, नाय गावला तर त्याचा. त्याला काय विचारायचा? घरचा पलत नाय. बोलावला का येतो. म्हनून त्याला विचारावा लागतं."

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. तिथं माझं काम वजन करण्याचं. त्यामुळे दुसऱ्याचा जीव सांभाळायचा म्हटल्यावर मी तो माझ्या पद्धतीनं सांभाळला. आला त्या दिवशी पिल्लू चारशे दहा ग्रॅम होतं. बाईंनी बजावलं होतं, "बांधू नको, मोकला फिरू दे." पण आमच्या दारावरून टेंपो जातात, गल्लीत पाच कुत्री आहेत आणि मुंगूस इथंही आहे. म्हणून मी मोरीजवळच्या सिमेंटच्या ओट्यावर जाळीचा पिंजरा बनवून घेतला. बोईसरहून कोंबड्यांचं तयार खाद्य आणलं. वाटीत ठेवलं तर कावळे जाळीतून चोच घालून पळवत आणि किती पोटात गेलं ते कळत नसे. म्हणून मी ते तळहातावर घेऊन भरवायला लागलो. सकाळी कामावर निघण्यापूर्वी, सव्वासहाला एकदा आणि संध्याकाळी कारखान्यातून घरी आलो की एकदा. मोठा झाल्यावर दोन्ही वेळेला पन्नास-पन्नास ग्रॅम. दर रविवारी वजन.

शेजारची वहिनी कपडे वाळत घालताना विचारायची, "काय भावोजी, जावयाचा नाश्ता झाला का?"

"झाला."

"हातानं भरवलात? आमच्या जावयाला सांगू नका हो, तो पण मागेल!"

जानेवारीत तो आरवायला लागला. फेब्रुवारीत त्याच्या गळ्यावर तांबूस पिसं आली. पहिला महिनाभर बायको त्याच्याकडे बघतही नव्हती. मग एकदा मी लवकर आलो तर ती ओट्यावर बसून जाळीतून पपईच्या साली आत सरकवत होती. "वाया जात होत्या," ती म्हणाली. आम्ही त्याला नाव दिलं नाही, हे मात्र दोघांनीही न बोलता पाळलं.

एक गोष्ट मला तेव्हा अभिमानाची वाटायची. हातावरून खाली सांडलेला दाणा तो टिपत नसे. सिमेंटवर पडलेलं तसंच ठेवून मान वाकडी करून माझ्या हाताकडे बघत उभा राहायचा. मी बायकोला म्हणायचो, "बघ, किती शिस्तीचा आहे."

मे महिन्यात पूजेच्या दिवशी सकाळी तो दोन किलो एकशे साठ ग्रॅम भरला. बायको येणार नव्हती. तिनं त्याला शेवटची पपई दिली, टोपलीवर फडकं बांधलं आणि गाठ दोनदा तपासली. मोटरसायकलवर मागे टोपली बांधून मी निघालो. आमच्या दारापासून पाड्यापर्यंत एकोणचाळीस किलोमीटर. वाटेत दोनदा थांबून मी फडक्याखाली हात घालून पाहिलं. तो शांत होता. माझा हात ओळखून त्यानं बोटाला चोच लावली.

पाड्याच्या वरच्या अंगाला एका मोठ्या झाडाखाली शेंदूर लावलेले तीन दगड, तोच गावदेव. सगळी घरं जमली होती. त्या दिवशी सहा कोंबडे होते. पूजा सांगणारा भगत एकेकाचं नाव घेई, घरवाला कोंबडा पुढे आणी, पळसाच्या पानावर चिमूटभर तांदूळ पडत आणि कोंबडा ते टिपे. पहिल्या तिघांना डोळ्याचं पातं लवायलाही वेळ लागला नाही. चौथा आमचा. बाईंनी त्याला टोपलीतून काढलं तेव्हा दोघी-तिघी म्हणाल्या, "अग्गो, केवढा झाला!" मुलगी आईला खेटून उभी होती. घोट्यातला दोरा विटून करडा झाला होता.

भगतानं तांदूळ टाकले. कोंबडा पानासमोर उभा राहिला. त्यानं मान वर करून माणसांकडे पाहिलं, एका बाजूला दोन पावलं टाकली आणि थांबला. तांदळाकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"एक," भगत म्हणाला आणि पान सरकवून त्याच्या पायाशी नेलं. पुन्हा तेच. बाई खाली बसल्या. त्यांनी जीभ टाळ्याला लावून कोंबड्यांना बोलावतात तसा आवाज केला, बोटानं तांदूळ हलवून दाखवले. तो बाईंना ओळखत नव्हता.

"दोन."

तिसऱ्यांदा नाही टिपले तर तो आज घेतला जाणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग वर्षभरानं पुन्हा विचारायचं. म्हणजे दोरा आणखी एक वर्ष आणि मधे एक पावसाळा. बाईंचा चेहरा दवाखान्याच्या व्हरांड्यात कसा होता ते मी पाहिलं नव्हतं. ते मला त्या क्षणी दिसलं. त्या कोणावर चिडल्या नाहीत. हळूच मुलीचा हात धरला आणि धरूनच राहिल्या.

चूक काय झाली ते तिथं फक्त मला माहीत होतं. बाईंचं "मोकला फिरू दे" मी मानलं नव्हतं. सहा महिन्यांत त्याच्या पायाला माती लागू दिली नव्हती आणि भुईवरचा दाणा हे खाणं आहे, एवढंही त्याला शिकू दिलं नव्हतं. मला पुढे होऊन ते सांगायला हवं होतं. पण आणखी एक विचार मनात आला, तोही लिहितो. मी गप्प राहिलो तर कोंबडा जगतो. टोपलीत घालून घरी न्यायचा, बायको काही विचारणार नाही.

झाडाच्या बुंध्याशी बसलेल्या म्हातारीनं, बाईंच्या सासूनं, विचारलं, "काय झाला गो? गप का सगली?"

"टिपत नाय, आये."

"कोन चारत व्हता त्याला?"

कोणी काही बोलायच्या आत मी म्हणालो, "मी. हातावर चारायचो. खाली टाकलेलं तो खातच नाही."

दोघे-तिघे हसले. एकानं मोठ्यानं म्हटलं, "मंग चमचा आनला का नाय?" त्यावर सगळेच हसले, बाईसुद्धा. म्हातारी मात्र हसली नाही. "मंग ज्याच्या हातचा खातो त्यानंच दे," ती म्हणाली. भगतानं जरा विचार केला आणि मान डोलावली.

मी चपला काढून पानासमोर बसलो. बाईंनी त्यांच्या शेतातले नवे तांदूळ माझ्या तळहातावर घातले. मी हात पुढे केला नसता तर त्यानं टिपले नसते. हे मला तेव्हाही पुरतं कळत होतं आणि आता लिहिताना त्यातून सुटका करून घ्यायची माझी इच्छा नाही. मुलीच्या घोट्याकडे माझं लक्ष होतं. मी हात नेहमीच्या उंचीवर धरला, जमिनीपासून वीतभर. तो लगेच आला. मान वाकडी करून एकदा माझ्याकडे बघितलं, रोज बघायचा तसं, आणि टिपू लागला. एक, दोन, तीन. पाच दाण्यांपर्यंत मी मोजले.

"कबूल," भगत म्हणाला.

बाईंनी त्याला माझ्या पुढ्यातून उचललं. मी उठून दोन पावलं मागे झालो, पण तोंड फिरवलं नाही. फोन खिशातच राहू दिला. ते काम लवकर झालं. इतकं लवकर होतं हे मला साडेआठशेनंतर कळलं.

मग म्हातारीनं चाचपडत मुलीचा पाय मांडीवर घेतला आणि विळ्यानं दोरा कापला. खाली फिकट रंगाचं कडं उमटलं होतं. मुलगी ते दोन वेळा खाजवून पळाली. बाई तिथंच बसून राहिल्या. त्यांनी श्रावणापासून धरून ठेवलेला श्वास सोडला, असं मला वाटलं. मग पदरानं तोंड पुसून चुलीकडे गेल्या.

सहाही कोंबडे एकाच टोपात शिजले. मला आईची आठवण झाली. म्हटलं, बरं झालं, इथंही अदलाबदल आहे. कोणाच्या पानात कोणाचा, कळायला मार्ग नाही. पण बाईंनी टोपात डाव फिरवून शोधून एक तंगडी काढली आणि माझ्या पानात वाढली. तिच्याएवढी मोठी तंगडी त्या टोपात दुसऱ्या कोणाची असणं शक्यच नव्हतं. तयार खाद्य आणि सहा महिने बैठं आयुष्य.

"पालनाराचा वाटा," त्या म्हणाल्या. आणि समोर उभ्या राहिल्या.

मी खाल्ली. हाडापर्यंत खाल्ली, काही टाकलं नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांनी आपल्या तोंडातला तुकडा चावत निवाडा दिला, "मऊ हाय. गावठी वाटतच नाय."

निघताना बाईंनी रिकामी टोपली मोटरसायकलला बांधून दिली. "भाऊ, परत कदी ठेवला तर भुईवर चार," म्हणाल्या. मी हो म्हटलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. बायकोनं पिंजरा आणि ओटा धुऊन ठेवला होता. तिनं टोपलीत डोकावून पाहिलं.

"टिपले त्यानं?"

"टिपले."

"आणि मुलीचा दोरा?"

"कापला."

तिनं टोपली हातात घेतली, फडकं काढून घडी केलं. मग विचारलं, "कशावरून टिपले? पानावरून?"

मी हात पुढे करून दाखवला. ती त्या हाताकडे बघून म्हणाली, "धुऊन घ्या. चहा टाकते."