गाडीच्या कपाळाची तीट

आमच्या गाडीला माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे, असं मी कुडवा गावातल्या निदान चाळीस लोकांना स्वतःहून सांगितलं होतं.

वीस वर्षं स्कूटर हाकल्यावर घेतलेली पहिली चारचाकी! अंधार पडला की दिवे आपोआप लागतात, उजाडलं की आपोआप विझतात. शोरूमवाला बटणं समजावून सांगू लागला, तर मी त्याला थांबवलं. "जे आपोआप होते, ते शिकून कायले करू?" (हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते विसरताच येत नाही.)

गाडीची पहिलीच फेरी ठरली आमगावची. आमच्या पल्लवीला तिथलं स्थळ आलं होतं. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं. गाडं अडलं होतं मुलाच्या वडिलांपाशी. रामलालजी म्हणजे रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर भरल्या ताटावरून उठून तो बंद करणारा माणूस. त्यांनी मध्यस्थाकरवी साफ कळवलं होतं, "पोरगी चांगली आहे, पण घरची मानसं उधळी नको. एकदा येऊन जा, पाहतो." म्हणजे परीक्षा माझी होती! निघताना पल्लवीनं मला बाजूला घेतलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "बाबा, तिथं कमी बोला."

तेवढ्यात आईनं गाडीला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि काजळाची डबी काढली.

"गाडीचं कपाळ कोनतं रे?"

"काऊन?"

"तीट लावाची आहे. कोरी गाडी, लोकायची नजर लागन."

पाटावर उभी राहून तिनं पुढच्या काचेच्या वरच्या टोकाला, बरोब्बर मधोमध, तेलात कालवलेल्या काजळाचा रुपयाएवढा ठिपका दिला. तिथं काचेमागे डोळ्यासारखं काहीतरी चकाकत होतं. आईला ती जागा फारच आवडली.

भर दुपारी आम्ही निघालो. मी, बायको सुनीता आणि मागं आई. समोरून येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला माझ्याकडे बघून हाताचा पंजा उघडायचा नि मिटायचा. दिवा चालू राहिलाय, अशी ही खूण. मी स्वतः जन्मभर लोकांना करत आलोय. पण आपल्या गाडीचे दिवे तर आपोआप! तेव्हा हे अभिनंदनच असणार. मीही पंजा उघडून मिटून आभार मानले. एकाला तर हसून नमस्कार केला.

"तुमाले एवढे लोक कसे ओळखून राहिले?" सुनीतानं विचारलं.

"गाडीले ओळखून राहिले," मी म्हटलं.

रामलालजी दारातच उभे होते. ओसरीतला बल्ब दिवसा बंद आहे ना, हे बघून ते आमच्याकडे वळले आणि थबकले.

"काऊन जी, उन्हात लाईट?"

खरंच, दोन्ही दिवे ढणाढणा जळत होते! मी घाईनं गाडी बंद करून कुलूप लावलं. दिवे चालूच. चावीचं बटण पुन्हा दाबलं, तर कुलूप उघडलं आणि स्वागताला दिवे आणखीच लागले. पुन्हा बंद, पुन्हा चालू!

"ऑटोमॅटिक आहे जी," मी खुलासा केला. "अंधार पडला की लागते."

रामलालजींनी वर सूर्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "आता अंधार आहे?"

तोवर अर्धी गल्ली गोळा झाली. एक म्हणाला, "बैटरी निकालो." दुसरा म्हणाला, "पोतं झाका." मी बटण दाबत होतो, दिवे डोळे मिचकावत होते, आणि रामलालजींचा चेहरा उतरत चालला होता. मला सारखी पल्लवी आठवत होती. पोरीचं स्थळ मी दिवसाढवळ्या जाळत होतो.

"सोडा, बाजूले व्हा!" आई गाडीतून उतरली. "एवढे लोक टकमक पाहून राहिले, नजर लागली म्हणूनच बिघडली. तीट पुसट झाली असन."

नवी तीट लावायला तिनं पदरानं जुनी पुसली. दिवे विझले!

आईनं ताजी तीट लावली. दिवे लागले. पुसली, विझले. पुन्हा लावली, पुन्हा लागले. काचेमागचा तो डोळा बाहेरचा उजेड बघणारा होता, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. आईनं तो झाकला होता आणि गाडी बिचारी घरापासून अमावस्येत फिरत होती.

आईनं शेवटी काच लख्ख पुसली. रामलालजींनी विझलेले दिवे पाहिले आणि आईला हात जोडले.

"माय, तुमची नात कोनावर गेली?"

"माझ्यावर," आई म्हणाली. "बापावर अजिबात नाही."

"मंग पक्कं समजा."

मला इतका आनंद झाला की हा अपमान आहे, हे परतताना रस्त्यात लक्षात आलं.

लग्नात व्याह्यांची एकच मागणी होती. "वरातीले रोषनाई भाड्यानं कायले आनाची? तुमची गाडी आहे न! फकत मायले काजळाची डबी घेऊन बसवा." त्यामुळे मुलीचा बाप मांडवात उभा राहायचं सोडून, दिवसाउजेडी दिवे पेटवून, वरातीपुढे माणसांच्या चालीनं गाडी चालवत होता. समोरून एक मोटारसायकलवाला आला, पंजा उघडून मिटून ओरडला, "काका, लाईट चालू आहे!"

"मालूम आहे न बाबू," मी म्हटलं, "याच लाईटवर पोरगी दिली!"