कच्च्या जागेवरची जिवली

आमच्या बदलापूरच्या शाळेचा प्रश्नमंजुषेचा संघ तिघांचा: एक हुशार, एक मध्यम, एक कच्चा. स्पर्धेचा नियमच तसा. गेल्या वर्षी कच्ची म्हणून मी बारवी धरणाकडच्या पाड्यावरची जिवली घेतली. नववीत दुसऱ्यांदा बसलेली; वर्गात तिच्याशी कुणी बोलत नसे. मधल्या सुट्टीतल्या सरावात मात्र संघातले इरा आणि वरद बिनधास्त तिच्या डब्यात हात घालायचे. अंबरनाथला आम्ही जिंकलो आणि वार्षिक परीक्षेत पोरीने पासष्ट टक्के काढले. झालं! आता ती कच्ची राहिली नाही, आणि मध्यमच्या जागेवर वरद आहेच. डोंबलाचा नियम! यंदा आत सराव चालतो तेव्हा ती व्हरांड्यात एकटीच डबा उघडून बसते. काल तिने मला विचारलं, “सर, सहामाहीत नापास झाली तं परत घ्याल?”